आदर्शप्रत : एका लिनक्स सर्व्हरच्या इमेजची सिद्धता



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने सर्व्हरसारख्या विषयास हात घालावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्याचे कारण प्रथमच सांगून टाकतो. आपल्या माजी विद्यार्थी संघाने शाळेचे वार्षिक अंक, हस्तलिखित भित्तिपत्रके आणि माजी विद्यार्थ्यांची सूची क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरस्थ संगणकावर, ठेवण्याचे योजिले आहे. तांत्रिक बाजू पुण्या-मुंबईस संगणकक्षेत्रात स्थिरावलेले आपलेच विद्यार्थी पाहतात. मजकुराची बाजू पाहण्यासाठी त्यांनी मला बोलाविले. त्यांच्यासमवेत बसता बसता माझ्या ध्यानात आले की, ही मंडळी ज्याला 'इमेज' म्हणतात तिची सिद्धता आणि मी आयुष्यभर शिकविलेली पाठचिकित्सा ही एकाच घराण्यातील शास्त्रे आहेत. आजचे विवेचन या नात्याविषयी आहे.

सुरतेतील श्रोत्यांना कागद कसा नष्ट होतो हे सांगावयास नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली आणि अर्ध्याहून अधिक सुरत पाण्याखाली गेली. तळमजल्यावरच्या कपाटांत होते ते भिजले. आपल्या शाळेचे जे अंक आज मिळत नाहीत ते बहुतेक त्या दिवसांतलेच. योगायोग असा की, त्याच ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने आपली संगणक भाड्याने देण्याची सेवा प्रायोगिक स्वरूपात खुली केली. आज ज्याला क्लाउड म्हणतात त्या व्यवसायाचा आरंभ बहुधा तेथूनच मोजतात. आपल्या सरकारने २०१४ मध्ये स्वतःच्या अशाच व्यवस्थेस 'मेघराज' हे नाव दिले. नाव मोठे रसिकतेने ठेवले आहे. वस्तुतः तेथे मेघ कोठेच नाही. प्रचंड इमारती, त्यांत ओळीने लावलेली यंत्रे, आणि एकेका यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने कल्पिलेले अनेक संगणक. यांतला एक कल्पित संगणक आपण तासाच्या किंवा महिन्याच्या हिशेबाने घेतो.

आता हा कल्पित संगणक जन्मतः रिकामा असतो. त्याच्या डिस्कवर काय असावे हे कोणीतरी आधी ठरवून ठेवावे लागते. डिस्कचे विभाग सांगणारा तक्ता, यंत्रास जागे करणारा छोटा कार्यक्रम, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याभोवतीची शेकडो लहानमोठी साधने आणि त्यांच्या मांडणीच्या नोंदी, हे सर्व जसेच्या तसे एका फाइलीत उतरविले की ती झाली इमेज. कंपनीला ती फाइल दिली की तिच्यावरून एक, दहा किंवा हजार सर्व्हर उभे राहतात, आणि प्रत्येक सर्व्हर आरंभी त्या फाइलीची तंतोतंत नक्कल असतो.

इमेज या शब्दासाठी कोणी 'प्रतिमा' म्हणतात. मला 'आदर्श' हा शब्द अधिक समर्पक वाटतो. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसा. आणि लेखनिक जी पोथी समोर ठेवून नक्कल करतो तिलाही आदर्शच म्हणतात. आरशातले बिंब आणि नकलेचे मूळ हे दोन्ही अर्थ एका शब्दात आहेत. सुरतकरांना आणखी जवळचा दाखला देतो. पांडेसरा-उधन्याच्या छपाई कारखान्यांत काम केलेल्या आपल्या खानदेशी कुटुंबांना हे ठाऊक आहे की, स्क्रीनमध्ये एक ठिपका चुकला तर तो प्रत्येक साडीवर उमटतो, आणि दोष रिंगरोडच्या बाजारात गिऱ्हाइकाच्या हाती गेल्यावर कळतो.

कोणी विचारील की, कंपनी तयार इमेज देतेच. तीवर सर्व्हर सुरू करून हवे ते हाताने का घालू नये? घालता येते, आणि बहुसंख्य लोक तसेच करतात. पण हाताने केलेल्या कामाची नोंद राहत नाही. करणारा विद्यार्थी नोकरीनिमित्त परदेशी गेला की त्याने काय बदलले हे कोणासच सांगता येत नाही. म्हणून आपल्या मंडळींनी उलट मार्ग घेतला. त्यांनी प्रथम एक आज्ञावली लिहिली. ती चालविली की इमेज आपोआप तयार होते. आज्ञावली जपावयाची आणि इमेज केव्हाही टाकून पुन्हा करावयाची, असा हा व्यवहार आहे.

तिचा पाया 'डेबियन' हा आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिन्लंडमधील विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या कर्नलची वार्ता जाहीर केली; १९९३ मध्ये इयन मर्डॉक याने त्याभोवती साधने जुळवून डेबियनचा प्रकल्प आरंभिला. तो आजही स्वयंसेवक चालवितात. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये काढलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स-प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे, आणि केरळच्या शाळांसाठीही त्या राज्याने स्वतःची लिनक्स-प्रत बांधली. म्हणजे शाळेसाठी प्रत बांधणे हा उद्योग काही जगावेगळा नाही.

कृती थोडक्यात अशी. 'डीबूटस्ट्रॅप' नावाचे साधन एका रिकाम्या कप्प्यात डेबियनचा सांगाडा रचते. त्यात कर्नल आणि यंत्र जागे करणारा कार्यक्रम घालतात. नंतर आपल्या कामाची साधने येतात: पाने वाटणारा वेब सर्व्हर आणि नोंदी सांभाळणारा 'पोस्टग्रेस' हा डेटाबेस. शेवटी 'क्लाउड-इनिट' नावाचा एक छोटा कार्यक्रम, ज्याच्याविषयी लगेच सांगतो. हे सारे एका डिस्क-फाइलीत बंद करावयाचे. घालण्याचा भाग एवढाच. एका दुपारचे काम.

खरा वेळ गेला तो काढण्यात. पाठचिकित्सेत आम्ही ज्याला प्रक्षेप म्हणतो, म्हणजे मूळ संहितेत मागाहून शिरलेला मजकूर, तो इमेजमध्येही शिरतो. आणि तो बहुधा बांधणाऱ्याच्या स्वतःच्या हातून शिरतो. त्याने परीक्षेसाठी टाकलेला संकेतशब्द, त्याने टंकलेल्या आज्ञांचा इतिहास, त्याच्या येण्याजाण्याच्या नोंदी, हे सारे फाइलीत राहून जाते. २०११ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी ॲमेझॉनवर लोकांनी सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या सुमारे ११०० इमेज तपासल्या, तेव्हा त्यांतील सुमारे ३० टक्के धोकादायक निघाल्या. कित्येकांत बांधणाऱ्यांच्या खासगी किल्ल्या तशाच राहिलेल्या होत्या. नकलेसाठी पोथी द्यावी आणि पानांत घरच्या तिजोरीची किल्ली विसरावी, त्यातला हा प्रकार.

याहून सूक्ष्म असा दुसरा वर्ग आहे. प्रत्येक सर्व्हरची स्वतःची एक ओळख असते: एक ओळखक्रमांक, आणि आपण तोच सर्व्हर आहोत हे पाहुण्यास पटविणारी एक गुप्त किल्ली. ही किल्ली इमेजमध्येच राहिली तर त्या इमेजवरून जन्मलेल्या सर्व सर्व्हरांची किल्ली एक होते, आणि ज्याच्या हाती एक सर्व्हर आला तो इतर कोणाचेही सोंग घेऊ शकतो. म्हणून आज्ञावलीच्या शेवटी ओळखक्रमांकाची फाइल रिकामी करतात आणि किल्ल्या पुसतात. मग सर्व्हर प्रथम जागा झाला की क्लाउड-इनिट त्याचे जातकर्म आणि बारसे करतो. कंपनीच्या एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन तो विचारतो की, या बाळाचे नाव काय, याच्याकडे कोणास प्रवेश आहे. आणि मग नवी किल्ली त्याच जागी घडविली जाते. कुलाचे ते इमेजमध्ये आणि व्यक्तीचे ते जन्मानंतर, अशी ही विभागणी आहे. शाळेचे जनरल रजिस्टर, ज्यात मुलांच्या जन्मतारखा आणि जाती नोंदलेल्या आहेत, ते या न्यायाने इमेजमध्ये येऊच शकत नव्हते. ते क्लाउडवरच येऊ नये असे माझे मत होते आणि संघाने ते मान्य केले.

किल्ल्यांवरून एक प्रकरण सांगतो. माझ्या सर्व विद्यार्थ्यांना मी ते सांगितले असते, परंतु ते घडले माझ्या निवृत्तीच्या सुमारास. २००६ मध्ये डेबियनच्या एका व्यवस्थापकास, किल्ल्या घडविणाऱ्या 'ओपनएसएसएल' या साधनातल्या काही ओळींविषयी तपासणीच्या यंत्रणेकडून तक्रार आली. ओळी निरर्थक दिसत होत्या. त्याने त्या वगळल्या. त्या ओळींवरच किल्लीतला अनिश्चितपणा अवलंबून होता. पुढे जवळजवळ पावणेदोन वर्षे डेबियनवर घडलेल्या किल्ल्या, एका जातीच्या यंत्रावर एका लांबीच्या धरल्या तर, फार तर ३२,७६७ प्रकारच्या निघत होत्या; म्हणजे साध्या संगणकाने सर्व करून पाहता याव्यात इतक्या थोड्या. लुसियानो बेल्लो याच्या हे लक्षात आले आणि मे २००८ मध्ये ते जाहीर झाले. किल्ल्या दिसावयास अस्सल होत्या, कुलपे उघडत होती. पाठचिकित्सक ज्याची सर्वांत अधिक धास्ती घेतो तो निद्रिस्त लेखनिक नव्हे. त्याच्या चुका चटकन ओळखू येतात. धास्ती असते ती शहाण्या लेखनिकाची, जो न समजलेली ओळ 'सुधारतो'.

आता अक्षरांकडे वळतो, कारण मला बोलाविले होते ते त्यासाठी. येथे सुरतेचीच एक जुनी हकीकत आठवते. सतराव्या शतकात भीमजी पारेख नावाचे सुरतेचे एक धनाढ्य व्यापारी होते. ईस्ट इंडिया कंपनीशी त्यांचा व्यवहार असे. आपल्या लिपीत ग्रंथ छापावेत अशी त्यांची इच्छा. त्यांच्या विनंतीवरून कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्रासह मुंबईस पाठविला. छापणे त्यास येत होते. देशी अक्षरे कोरणे येत नव्हते. यंत्र आले, अक्षरे आली नाहीत. अ. का. प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणकलेच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. तेच प्रियोळकर मराठीतील पाठचिकित्सेचेही आचार्य, हे मला नेहमी सूचक वाटत आले आहे.

क्लाउडवरचा सर्व्हरही असाच अक्षरांवाचून येतो. इमेज लहान ठेवण्यासाठी तिच्यात कोणत्याच भाषेचे 'लोकेल', म्हणजे त्या भाषेचे लेखन, क्रम, तारखा यांचे नियम, घातलेले नसतात. युनिकोडची सोय असली म्हणजे देवनागरी अक्षर तीन बाइटांत साठते आणि दिसतेही. ती सोय नसलेल्या जुन्या मांडणीत मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उभ्या राहतात. पण अक्षर दिसले म्हणजे मराठी आली असे नाही. आपल्या सूचीचेच पाहा. काळे, कावळे आणि कासार ही तीन आडनावे. लोकेल नसलेला सर्व्हर ती युनिकोडच्या संकेतांकांप्रमाणे लावतो. त्या तक्त्यात ळ हे अक्षर ल च्या शेजारी, व च्या आधी बसविलेले आहे. म्हणून काळे पहिले, मग कावळे, मग कासार. मराठी मूल वर्णमाला म्हणते तेव्हा ळ हे ह च्या नंतर येते आणि त्यामागून क्ष, ज्ञ. म्हणून आपल्याकडे कावळे, कासार आणि शेवटी काळे. युनिकोड संघाच्या 'सीएलडीआर' या भाषानियमांच्या भांडारात मराठीसाठी हाच क्रम नोंदलेला आहे. पण तो इमेजमध्ये मुद्दाम सांगावा लागतो. डेटाबेस निर्माण होण्यापूर्वीच सांगितलेला बरा, कारण नोंदी एका क्रमाने रचून झाल्यावर क्रम बदलणे म्हणजे ग्रंथालयातील सर्व कपाटे पुन्हा लावणे होय.

याचा फटका जगाने एकदा मोठ्या प्रमाणावर सोसला आहे. लिनक्सच्या मूलभूत साधनसंग्रहाची २.२८ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये निघाली आणि तिने अनेक भाषांचे अनुक्रम बदलले. ज्यांनी जुन्या डेटाबेसाखालचा सर्व्हर तेवढा नवा केला, त्यांच्या अनुक्रमण्या जुन्या क्रमाने रचलेल्या आणि शोध मात्र नव्या क्रमाने, अशी अवस्था झाली. नोंद जागेवर असूनही सापडेना. म्हणून आपल्या आज्ञावलीत क्रमाच्या नियमांची आवृत्तीही लिहून ठेवली आहे.

दुसरी अडचण केवळ मराठीची. कुऱ्हाडे या आडनावातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द आहेत. युनिकोडची स्वतःची प्रमाणीकरणाची रीत आहे, पण तीही हे दोन पाठ एक करीत नाही. निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या हातांनी टंकलेल्या सूचीत एकाच घरातले थोरले भाऊ सापडावेत आणि धाकटे सापडू नयेत, हे प्रत्यक्ष घडत होते. शेवटी सर्व नोंदी पहिल्या पद्धतीत आणणारा एक छोटा नियम मुलांनी लिहिला. आयुष्यभर पाठभेद जुळविण्यात घालविलेल्या मनुष्यास दिसण्यात एक आणि असण्यात दोन असा पाठभेद प्रथमच भेटला.

फॉन्टविषयी एवढेच की, सामान्यतः सर्व्हरला फॉन्ट लागत नाही. अक्षरे वाचकाच्या यंत्रावर रेखाटली जातात. पण छापण्याजोगे प्रमाणपत्र सर्व्हरवरच तयार करावयाचे तर फॉन्ट इमेजमध्ये हवा, नाही तर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन येतात. आपण 'लोहित' हा फॉन्ट घेतला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेले हे फॉन्ट रेड हॅट कंपनीने सर्वांसाठी खुले केले. रेड म्हणजे लाल, लाल म्हणजे लोहित. नाव ठेवणाऱ्यास संस्कृत येत असावे.

इमेज तयार झाली. आता ती वाटेत बदलली नाही हे कसे ओळखावे? जुन्या पोथ्यांच्या शेवटी ओव्यांची किंवा श्लोकांची संख्या लिहीत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि अखेरीस पुढच्यांना बजावले की, यात कोणी आपली ओवी घालू नये. नऊ हजारांवर ओव्यांच्या ग्रंथात एक ओवी वाढली तर संख्येवरून कळते. एक शब्द बदलला तर कळत नाही. संगणकाची मुद्रा याहून कडक आहे. डेबियन आपल्या इमेजसोबत १२८ चिन्हांची एक मुद्रा प्रसिद्ध करते. फाइलीतला एक बिंदू जरी बदलला तरी ती मुद्रा संपूर्ण पालटते. आपल्या इमेजचीही तशी मुद्रा काढली आहे.

परंतु ही मुद्रा एवढेच सांगते की नक्कल आदर्शाबरहुकूम आहे. आदर्शच बिघडलेला असेल तर ती मूक राहते. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या, जगभरच्या लिनक्समध्ये असणाऱ्या, साधनात चोरवाट आढळली. वर्षानुवर्षे सद्भावाने काम करीत राहिलेल्या एका टोपणनावाच्या सहकाऱ्याने ती घातली होती. गंमत अशी की, सर्वांना वाचण्यासाठी खुली असलेली मूळ संहिता आणि वाटपासाठी बांधलेली गठडी यांत फरक होता. चोरवाट जागी करणारा दुवा केवळ गठडीत होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास सर्व्हरमध्ये प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक लागतो एवढेच खटकले, आणि त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागून त्याने सारे उघडकीस आणले. मुद्रा सर्व बरोबर होत्या. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे चालली आणि १२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. कोणतीही एक प्रत, ती कितीही जुनी वा देखणी असो, सुखटणकरांनी प्रमाण मानली नाही. डेबियनचे लोक २०१३ पासून असाच एक उद्योग करीत आहेत. तीच संहिता घेऊन स्वतंत्र यंत्रांवर स्वतंत्रपणे बांधणी करावयाची आणि निपज अक्षरशः एकच येते काय ते पाहावयाचे. आपल्या इमेजची बांधणीही पुण्यात एकाने आणि मुंबईत दुसऱ्याने वेगवेगळी केली. पहिल्या खेपेस मुद्रा जुळल्या नाहीत. फरक निघाला तो फाइलींवर उमटलेल्या बांधणीच्या वेळेचा; तो एक ठरीव वेळ घालून काढला, तेव्हा जुळल्या.

उरले वय आणि स्थान. इमेज ज्या दिवशी बांधली त्या दिवशीच ती जुनी होऊ लागते, कारण तिच्यातील साधनांतले दोष पुढे उघड होत राहतात. चालू सर्व्हर डेबियनकडून येणाऱ्या दुरुस्त्या आपोआप घेईल अशी व्यवस्था आहे. तरीही दर तीन महिन्यांनी आज्ञावली पुन्हा चालवून नवी इमेज बांधावयाची आणि जुना सर्व्हर मोडावयाचा, असे ठरले आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि अंकांची छायाचित्रे इमेजपासून वेगळ्या डिस्कवर आहेत, म्हणून सर्व्हर मोडल्याने त्यांस धक्का लागत नाही.

स्थानाविषयी बरीच चर्चा झाली. ॲमेझॉनचे भारतातले पहिले केंद्र जून २०१६ मध्ये मुंबईस झाले, दुसरे नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादेस. सुरतेस मुंबई जवळची, म्हणून सर्व्हर तेथे घेतला. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे तापीकाठच्या माणसांनी विसरून चालले नसते. नोंदींची दुसरी प्रत हैदराबादेस ठेवली. आज्ञावली छापली तर अवघी चार पाने होते. ती चार पाने आणि इमेजच्या मुद्रेची १२८ चिन्हे शाळेच्या ग्रंथालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात, दाखलखारिज करून ठेवली आहेत. त्रैमासिक बांधणीसाठी दोन नावे हवीत. एक मिळाले आहे. दुसऱ्याची जागा अजून रिकामी आहे, आणि इच्छुकांनी व्याख्यानानंतर संघाच्या कार्यवाहांना भेटावे.